समुद्र पडून आहे

नागपूरच्या प्रताप नगर चौकात पोह्याच्या कुठल्याही ठेल्यावर सकाळी पाच मिनिटांत कोकणचा विकास होतो. त्याला निधी लागत नाही की पर्यावरण मंजुरी लागत नाही. तर्रीची एक जादा पळी आणि नुकताच गणपतीपुळ्याहून परतलेला एक शेजारी एवढ्यावर भागतं. शेजारी म्हणतो, "काय करून राहिले बाप्पा ते लोक! एवढा मोठा समुद्र नुसता पडून आहे." दुसरा विचारतो, "मंग आपल्याकडे असता तर?" यावर सगळे क्षणभर घास थांबवतात, कारण उत्तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. आपल्याकडे असता तर एव्हाना त्याचे ले-आउट पडले असते, कोपऱ्यावरच्या लाटा कमर्शियल म्हणून गेल्या असत्या आणि उरलेल्यांचं नियमितीकरणाचं पत्र नागपूर सुधार प्रन्यासात अडकलं असतं. या रोजच्या बैठकीचं नीट निरीक्षण केलं तर एक नियम हाती लागतो: किनाऱ्याचा विकास कसा करावा याबद्दलची खात्री किनाऱ्यापासूनच्या अंतराबरोबर वाढत जाते. मालवणच्या जेटीवर विचारा, उत्तर मिळेल, "बगूया, वारो कसो येता ता." मुंबईत विचारा, पन्नास स्लाइडांचं सादरीकरण मिळेल. प्रताप नगरात विचारावंही लागत नाही. प्रस्तुत लेखकही याच भागातला असल्यामुळे त्याची खात्री पूर्ण आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

समुद्राबाबत नागपूरकराची पात्रता तशी संशयातीत आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर आपल्याला जवळ पडतो तो बंगालचा उपसागर. अरबी समुद्र आपला केवळ महाराष्ट्रधर्म म्हणून. पण १९५३ च्या नागपूर कराराने ही उणीव भरून काढली. त्या करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं, आणि डिसेंबरच्या गुलाबी थंडीत, खाऱ्या वाऱ्याची झुळूकही पोहोचू शकणार नाही अशा अंतरावर, डिझेलचा परतावा, बंदरातला गाळ आणि आंब्यावरचा तुडतुडा यांवर तावातावाने चर्चा होते. कोकणातले आमदार सावजीच्या रश्श्याने कान लाल करून घेतात आणि 'समुद्राचा प्रश्न मांडला' म्हणून समाधानाने परततात. मुंबई-गोवा महामार्ग ज्या केंद्रीय खात्याकडे आहे, ते खातं २०१४ पासून नितीन गडकरींकडे, म्हणजे आमच्याच खासदारांकडे आहे. आणि १९९४ मध्ये राज्यात वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली तेव्हा विदर्भाला स्वतःचं मिळालं, मराठवाड्याला स्वतःचं मिळालं, कोकण मात्र 'उर्वरित महाराष्ट्रा'त गेलं. उरलेल्यात समुद्र टाकून देणारं जगातलं हे बहुधा एकमेव नियोजन असावं.

आता पुराव्याकडे वळू. पहिला पुरावा कॅलिफोर्निया. कोकणचा कॅलिफोर्निया करण्याचं आश्वासन इतक्या निवडणुकांत दिलं गेलंय की आता ते दिलं नाही तर मतदारांना चुकल्याचुकल्यासारखं होईल. हे स्वप्न दापोलीच्या एखाद्या मासेविक्रेतीला पडलेलं नाही, हे तर उघडच आहे. तिला कॅलिफोर्निया कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नाही, आणि ज्यांना ते माहीत आहे त्यांनी तिथे मासळीचं काय झालं हे विचारलेलं नाही. कॅलिफोर्नियात माँटेरी नावाचं गाव आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथे तारलीचा असा हंगाम असे की समुद्राकाठी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांची रांगच उभी राहिली. मोठी जाळी, मोठ्या बोटी, रात्रंदिवस उपसा. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तारली दिसेनाशी झाली, कारखाने ओस पडले, आणि आज त्याच रस्त्यावर पर्यटक जुन्या कारखान्यांच्या इमारती बघत आइस्क्रीम खातात. इकडे आपल्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी तारली-बांगड्याचे थवेच्या थवे उचलले जाऊ लागले. पारंपरिक मच्छीमारांनी आरडाओरडा केला तेव्हा २०१६ मध्ये राज्य सरकारने निर्बंध घातले. निर्बंध घातल्यावर ते मोडण्याचा वेगळा हंगाम सुरू झाला. तेव्हा कोकणचा कॅलिफोर्निया होत नाही, ही तक्रार निदान मासळीच्या बाबतीत तरी अन्यायाची आहे.

दुसरा पुरावा येण्याजाण्याचा. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तोही देशातला पहिला. जाहीर करणं हे आपल्याकडे विकासाचं सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ अंग आहे; त्याला गंज चढत नाही. मग चोवीस वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या दिवशी अवघ्या महाराष्ट्राचं लक्ष धावपट्टीकडे नव्हतं, व्यासपीठाकडे होतं: उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकमेकांकडे बघतात का, हे पाहायला. विमान उतरलं. २०२४ मध्ये मुंबईची सेवा बंदही पडली, आणि दरम्यान सीमेपलीकडे गोव्याच्या मोपा विमानतळावर विमानांची ये-जा सुरू झाली होती. रस्त्याचं म्हणाल तर मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेली मुलं आता मतदान करतात, आणि कोणाला करायचं याचा विचार बहुधा माणगावच्या कोंडीत बसून करतात. यावर प्रताप नगराचा टोला ठरलेला: "आमचा समृद्धी पाहा, ७०१ किलोमीटर, झाला की नाही?" झाला, हे मान्य. पण तो झाला म्हणून नागपूरकर मुंबईला लवकर पोहोचतो. मुंबईहून पुढे माणगावात तोही कोकण्याच्या शेजारीच उभा असतो. आणि आता पवनारपासून पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला, तर तो बांधून होण्याआधीच ठेल्यावर सिंधुदुर्गातल्या जमिनीचे भाव विचारणं सुरू झालंय. वाटेतले शेतकरी आपली जमीन द्यायला तयार आहेत का, हा प्रश्न तर्रीच्या दुसऱ्या पळीनंतरही निघत नाही.

तिसऱ्या पुराव्यात आमचा विदर्भ थेट सामील आहे, म्हणून तो जरा आवडीने सांगतो. 'चांद्यापासून बांद्यापर्यंत' म्हणजे सगळा महाराष्ट्र, असं आपण पिढ्यानपिढ्या बोलत आलो. २०१४ ते २०१९ च्या सरकारात अर्थमंत्री चंद्रपूर जिल्ह्यातले होते आणि अर्थ राज्यमंत्री सावंतवाडीचे. त्या काळात 'चांदा ते बांदा' नावाचीच योजना निघाली आणि ती चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांत राबवायची ठरली. मधला महाराष्ट्र नुसताच वाचत बसला. सरकार बदललं, योजना गुंडाळली गेली, आणि पुढे किनाऱ्यासाठी 'सिंधुरत्न' असं नवं नाव आलं. योजनांची नावं बदलत राहतात म्हणून कोणी नाक मुरडू नये. नव्या नावाने नवे फलक लागतात, आणि फलक रंगवणारा माणूस स्थानिकच असतो. शिवाय विकास मोजण्याच्याही तऱ्हा असतात. देशाचा किनारा आपण शाळेत साडेसात हजार किलोमीटर म्हणून पाठ केला. अलीकडे केंद्र सरकारने तो नव्याने, खाड्या-वळणांत शिरून मोजला तर ११,०९८ किलोमीटर भरला. एक दगड न हलवता साडेतीन हजार किलोमीटर किनारा वाढला. कोणत्याही पंचवार्षिक योजनेला हे जमलेलं नाही.

इथे ठेल्यावरून एक गंभीर आक्षेप येतो. "सारं खापर लांबच्या माणसावर फोडून राहिले तुम्ही. पण कोकणातला माणूस काहीच होऊ देत नाही त्याचं काय? एन्रॉन नको, जैतापूर नको, नाणार नको, बारसू नको. अन् पोरगं मात्र मुंबईला." आक्षेप जोरदार आहे, आणि त्यातलं शेवटचं वाक्य खरंही आहे. पण या चारही नावांत एक साम्य आहे. प्रकल्पाची जागा आधी ठरली, गावाला नंतर कळलं, आणि मग गावाला 'विश्वासात घेण्यासाठी' माणसं पाठवावी लागली. दाभोळला वीज तयार करायला टेक्सासहून एन्रॉन कंपनी आली. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाअखेर कंपनीनेच दिवाळं काढलं. त्यानंतर गुहागरच्या माणसाला मोठ्या कंपनीपेक्षा लहान होडी जास्त भरवशाची वाटली, तर त्याला विकासविरोधी म्हणायचं की हिशेबी? नाणारच्या रिफायनरीचा आकडा तीन लाख कोटींचा होता. एवढी शून्यं पाहून माणूस घाबरतो, त्यात कोकण्याचा दोष नाही. प्रताप नगरात तर सोसायटीच्या लिफ्टचा खर्च मंजूर करायला तीन सभा लागतात. आणि कोकण्याने स्वतः काही करायचं ठरवलं तरी त्याच्या वाटेत सातबारा उभा असतोच. त्यावर आजोबांपासूनची नावं, त्यातली निम्मी दादर-डोंबिवलीला, दोन दुबईला, एका काकांचा पत्ताच नाही. दोन खोल्यांवर कर्ज काढायचं तर बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा. सह्यांसाठी सगळे एकत्र सापडतात ते फक्त गणपतीत, आणि गणपतीत बँकेला सुट्टी.

मग किनाऱ्यावर काहीच चालत नाही का? चालतं. फक्त त्याला फलक नसतो, म्हणून ते अंतरावरून दिसत नाही. सिंधुदुर्गात रापण लागते. जाळ्याच्या दोराचं एक टोक वाळूवर धरून ठेवतात, होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक घेऊन काही अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा तयार होतात, पन्नास-साठ माणसं मागे झुकून दोर ओढत राहतात, वाळूत टाचांच्या रेघा उमटतात, आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. तासन्‌तास. शेवटी जाळ्याची खोळ उथळ पाण्यात येते, तेव्हा आधी बायका टोपल्या घेऊन पुढे होतात, मग मुलं, मग कावळे. तिथेच लिलाव आणि तिथेच वाटे: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा, दोराला नुसता हात लावलेल्या म्हाताऱ्यालाही कालवणापुरते बांगडे. रापण संघाचा हा हिशेब कुठल्याही सल्लागाराने तयार केलेला नाही. आपल्याकडे हीच गोष्ट कार्यशाळेत 'लाभांचे सहभागी वितरण' म्हणून शिकवली जाते, आणि शिकायला रापणकरांनाच बोलावतात. ते येतात, चहा-बिस्कीट घेतात, आणि पडद्यावर बाणांची आकृती आली की मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतं, "तुमचा झाला काय? आमका भरती गाठूची आसा."

दुसरं उदाहरण मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं. नाना फडणवीसांचं हे गाव. पण सध्या तिथला कारभार ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं बघतात. पूर्वी त्यांची अंडी वाळूतून काढून खाल्ली नि विकली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावातल्या लोकांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. घरट्यातली शंभरेक अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन तशाच खड्ड्यात पुरायची, वर टोपली पालथी घालायची, आणि दीड-दोन महिने वाट बघायची. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहायची. पिल्लं निघाली असली तर त्यांना पाण्यापासून थोडं लांब सोडायचं. पुढचं ती स्वतः चालतात. २००६ पासून याचा कासव महोत्सव झाला. गावात हॉटेल नाही, म्हणून लोक घरांत उतरतात, जे शिजेल ते जेवतात, आणि घरच्या बाईच्या हातात पैसे येतात. आता गंमत अशी की पिल्लं वेळ देत नाहीत. शहरातून रात्रभर प्रवास करून आलेला पर्यटक पहाटे विचारतो, "आज किती निघाली?" "एकही नाही." "अहो, पण आम्ही इतक्या लांबून आलो!" "होय, पण त्यांना कळवायचं राहिलं." हा संवाद दर हंगामात होत असणार. आणि माझ्या मते वेळास टिकलं त्याचं खरं कारण इथे आहे. पाहुण्याला साडेदहाची वेळ देऊन त्या वेळी पिल्लू काढून दाखवता येत नाही. त्यामुळे फीत कापता येत नाही, कोनशिला बसवता येत नाही, नारळ फोडला तरी कासव ढुंकून बघत नाही. ज्याचं उद्घाटन होऊ शकत नाही त्यात कोणाला फारसा रस उरत नाही, आणि गावाला आपलं काम निवांत करता येतं.

"म्हणजे शेवटी बाहेरच्यांनीच सुरू केलं ना?" ठेल्यावरचा सर्वांत हुशार माणूस इथे हमखास पकडतो. "चिपळूण काय वेळासच्या शेजारी आहे? अन् सिंधुदुर्गात खाडीचं काम युनोच्या पैशातून झालं म्हणतात. न्यूयॉर्क तर प्रताप नगराहूनही लांब." ही पकड बिनतोड आहे, आणि नियमाला एक पुरवणी जोडल्याशिवाय सुटका नाही. अंतर मोजायचं ते घरापासून नव्हे, मुक्कामापासून. जो माणूस किनाऱ्यावर राहून अंड्यांचे दोन महिने मोजतो, त्याची खात्री आपोआप झिजत जाते, मग तो कुठूनही आलेला असो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने गेल्या दशकात सिंधुदुर्गात खेकडापालनाचे प्रयोग झाले. मराठी माणसाच्या खेकडावृत्तीवर आपण किती भाषणं ऐकली! प्रत्यक्षात खाडीतला खेकडा पाय ओढण्यात वेळ घालवत नाही. कवच टाकून मऊ झालेला शेजारी दिसला की तो सरळ खातो. हे कोणत्याही अहवालाच्या पहिल्या मसुद्यात नसतं, ते तळ्यात उतरल्यावर कळतं. त्याच सुमारास वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी मांडवी खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली. मच्छीमार घरांतल्या या बायका स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकांना कांदळाच्या जाती ओळखायला शिकवतात. त्यात अफाट पैसा नाही. पण सहीसाठी बेपत्ता काकांना शोधावं लागत नाही, कारण खाडी कोणाच्या सातबाऱ्यावर नाही.

आणखी एक आक्षेप उरतो, तो कोकणातून येतो आणि जास्त बोचतो: "तुमचं काय चाललंय ते आधी बघा." बरोबर आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि हापूसला २०१८ मध्ये, म्हणजे या शर्यतीत आम्ही चार वर्षं पुढे. पण संत्र्याचा भाव पडला की आजही आम्ही रस्त्यावर संत्री ओततो आणि प्रक्रिया उद्योगाची मागणी करतो. कॅलिफोर्नियातही संत्री होतात, पण नागपूरचा कॅलिफोर्निया करतो असं कोणी म्हणत नाही, ही आमची जुनी जखम आहे. मिहान या आमच्या विमानतळ प्रकल्पाबद्दल आम्ही दोन दशकं जे बोलतो, ते ऐकून चिपीच्या माणसाला घरच्यासारखं वाटेल. एवढंच कशाला, कोकणच्या अर्थव्यवस्थेला आपण काय हातभार लावतो, तर एप्रिलमध्ये 'देवगड हापूस' अशी पेटी घासाघीस करून उचलतो, आणि आतलं फळ बऱ्याचदा कर्नाटकचं निघतं. हा प्रकार राज्यभर इतका माजला की देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ पासून फळाफळावर सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर लावायचं ठरवलं. स्टिकर खरा आहे का हे तपासायचं सोडून "स्टिकरचे पैसे लावले का वेगळे?" असं विचारणारा ग्राहक कुठल्या शहरातला, हे सांगायची गरज नाही.

इतकं सगळं ऐकून घेतल्यावर ठेल्यावर तडजोडीचा सूर लागतो: ठीक आहे, आपण काही ठरवत नाही, पण निदान एक समिती तरी नेमावी, तिच्यात विदर्भाचे दोन प्रतिनिधी असावेत, आणि अभ्यासदौरा असावा. समितीला हरकत नाही. फक्त तिची पहिली बैठक जूनमध्ये ठेवावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच किनाऱ्यावरच्या माणसाला बोलायला थोडी उसंत मिळते. हंगामात बोलावलं तर तो येणार नाही, आणि आपण 'स्थानिकांची उदासीनता' असं इतिवृत्तात लिहून मोकळे होऊ. बैठक वेळासच्या शाळेत घ्यावी, पंचतारांकित हॉटेलात नको. नागपूरच्या सदस्यांनी समृद्धीने खुशाल सुसाट जावं, पण पुढे पनवेलपासून विमान-बिमान न शोधता, भर पावसात, मुंबई-गोवा महामार्गानेच जावं, प्रवासभत्ता एसटीचा. जेवढे सदस्य पोहोचतील तेवढाच कोरम धरावा.